नोव्हेंबरातली जेलभेट

अकिब : ...तर ऑगस्टात नव्या पोरांचं स्वागत, सप्टेंबरात मूट कोर्टाचे लटके खटले, ऑक्टोबरात परतूरला कायद्याचं शिबिर. आन् नोव्हेंबरात जेलभेट. तिची सगळी जिम्मेदारी तुझी, दैवशाला.

दैवशाला : जेल सोडून कोणतंबी काम दे.

अकिब : असं कसं यार? कॉलेजच्या कायदा मदत मंडळाची उपाध्यक्ष हायेस तू. मागच्या साली परतूरच्या बायका माझ्याकडं पाहून पदर ओढून बसल्या, तुझ्याशी मात्र घडाघडा बोलल्या. आतल्या लोकांशी तूच बराबर बोलशील.

दैवशाला : न्हाई जमणार, अकिब.

अकिब : भीती वाटती का? काही न्हाई तिथं. मी परवाच जाऊन आलो, परवानगीचं विचारायला. साहेबांनी चहा पाजला, सगळं फिरून दाखवलं.

दैवशाला : भीती न्हाई. माझा भाऊ हाय तिथं.

अकिब : नोकरीला?

दैवशाला : आत.

अकिब : कोणता भाऊ? मावशी गेल्या तवा सगळा वर्ग तुझ्या गावी आल्तो. डोकं भादरलेला तो तुझा भाऊच होता ना? मी त्याचा हात धरून बसल्तो.

दैवशाला : तो धर्मराज, चुलतभाऊ. आईला अग्नी त्यानं दिला. सख्खा मिथुन. धाकटा. दीड साल झालं आत हाय.

अकिब : काय केलं... म्हणजे, आरोप काय हाय?

दैवशाला : एमआयडीसीत सळईच्या मिलमधी कामाला होता. गेटवर सोबतच्या माणसाशी भांडण झालं, ह्यानं ढकललं. तो मागं लोखंडावर पडला. दवाखान्यात नेईस्तोवर गेला बिचारा. त्याला बी दोन लेकरं हायेत. मिथुनचा जामीन दोनदा नाकारला.

अकिब : तू कधी बोलली न्हाईस.

दैवशाला : काय बोलू? वर्गात उभी राहून म्हणते, गुन्हा शाबीत होईस्तोवर माणूस निर्दोष. घरी अप्पा म्हणतात, मला पोरगाच न्हाई.

अकिब : पण मावशीच्या वेळी? कोर्टात अर्ज केला असता तर तेवढ्यापुरतं आणलं असतं त्याला. पोलीस घेऊन आले असते.

दैवशाला : तेच म्हणले मी. आईला अंगणात ठेवल्यालं, मी अप्पांच्या हातापाया पडून राह्यले. अप्पा म्हणले, पोलिसांच्या गराड्यात पोरगा आईला अग्नी द्यायला आला, हे गावाला दाखवू का? आन् वरून शपथ घातली. त्याला कळवायचं न्हाई. कोंडल्या जागी झुरून मरंल म्हणले.

अकिब : म्हणजे त्याला अजून...

दैवशाला : ठाऊक न्हाई.

अकिब : या अल्लाह. आन् वकील? तो तर भेटत असंल.

दैवशाला : त्यालाबी अप्पांनीच गप्प केलं.

अकिब : मावशी जायच्या का भेटायला?

दैवशाला : अप्पांना चोरून. जालन्याला डोळे दाखवायला चालले म्हणायची. अप्पा म्हणायचे, किती बारी दाखवतीस गं डोळे? खाटेवर पडली तवाच थांबली.

अकिब : मंग आता त्याला वाटत असंल...

दैवशाला : जेलातून फोन करतो ना. माझ्याच नंबरवर. आईला दे म्हणतो. मी म्हणते, आई शेतात गेली. आई मामाकडं गेली. आई आत्ताच निजली. मागच्या आठवड्यात म्हणला, "ताई, आईला सांग, दोन शिव्या दे म्हणावं, पण एकदा बोल." त्याला वाटतं, माणूस मेला म्हणून आईनं तोंड फिरवलं. तसं धरून बसलाय तो.

अकिब : ...मी जेलभेट काटून टाकतो. बिलकुल नको.

दैवशाला : काटू नको. आत कितीकांना कोणी काहीच सांगत नसंल. तुम्ही जा. माझ्यानं गळ्यात मंडळाचा बिल्ला घालून त्याच्यापुढं उभं राहणं व्हायचं न्हाई. तो सगळ्यांदेखत पहिलं आईचंच विचारील.

अकिब : मंग?

दैवशाला : आधी मी जाईन. बहीण म्हणून.

अकिब : आन् अप्पा?

दैवशाला : त्यांना सांगून जाईन. शपथ मोडली म्हणतील. म्हणू दे. पोरगं आईवर रुसून बसलंय, आन् आई न्हाईच.

अकिब : मी गाडीवर नेतो तुला. आत येत न्हाई, गेटपाशी थांबतो.

दैवशाला : थांब. परत येताना एकटीला बस धरणं व्हायचं न्हाई.

(अकिब जेलभेटीपुढं लिहिलेलं तिचं नाव खोडतो.)

दैवशाला : तू परवा आतलं पाहिलंस ना? भेटायला बसवतात तिथं जवळ घेता येतं का रे?

अकिब : न्हाई. मधी जाळी असती.

दैवशाला : बोट जाईल का तिच्यातून?

अकिब : जाईल. एखादं.

दैवशाला : बरं.