नवसाबाईची हजेरी, कुसाबाईची बोटे

मी रंगनाथ पुंजाराम कडलग, वय ५२ वर्षे, धंदा मजूर पुरवठा, रा. पेठ रोड, पंचवटी, नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

चेहरा पाहून हजेरी लावणारा फोन मला साडेअकरा हजाराला पडला, असे मी सर्वांना सांगत होतो. खरा हिशोब असा: साडेअकरा हजार, आणि कुसाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटे.

दिंडोरी रोडवरील एका भाजी पॅकिंग कारखान्याला मी पेठकडच्या बायका पुरवतो. पूर्वी त्या नाक्यावर कामाची वाट बघत उभ्या राहायच्या. यंदा फोनवर नाव, आधार, चेहरा घेऊन प्रत्येकीला पीएफ व कामगार विमा लागू केला. "माझ्या फोनपुढे खोटा माणूस उभाच राहू शकत नाही," असे मी कारखान्याचे मॅनेजर सुयश यांना म्हणालो होतो.

या बायकांत रीत आहे. एक आजारी पडली की घरातली दुसरी तिच्या जागी येते, खाडा होऊ देत नाहीत. सोमवारी सकाळी नवसाबाई म्हणून एक बाई फोनपुढे उभी राहिली. फोनने हिरवी खूण दाखवली. बाई म्हणाली, "रामराम, मुकादम." नवसाबाई टोमणा मारल्याशिवाय मला रामराम करत नाही. आवाजावरून ओळखले, ही तिची जाऊ कुसाबाई. विचारले तर म्हणाली, "जावंला ताप हाय. चूल एक, तर हजेरी बी एकच ना, भाऊ?" फोन फसला कसा, याचेच मला जास्त कुतूहल वाटले. तिला आत जाऊ दिले.

दुपारी सिमला मिरची निवडताना फिरत्या पट्ट्यात तिची बोटे अडकली. मी रिक्षाने दवाखान्यात नेले. विम्याचे विचारता सुयश म्हणाले, "सिस्टीममध्ये कुसाबाई नाहीच. नवसाबाई आहे, आणि तिची बोटं शाबूत आहेत."

"मग पट्ट्यावर रक्त कुणाचं, साहेब?"

"ते तुमच्या फोनला विचारा."

नवसाबाई तापातच दवाखान्यात आली. म्हणाली, "माझंच नाव लावा मुकादम. तुमच्या हुशार फोननी आधीच लावलंय."

मी ते नाव लावलेले नाही. बोटांचे ऑपरेशन बाकी आहे. कुसाबाई कारखान्याची कामगार ठरली तरच खर्च मिळेल; ऑपरेशन झाले नाही तर बोटे जातील असे डॉक्टर म्हणतात. सबब सांगतो की, त्या दिवशी पट्ट्यावर कुसाबाईच होती, माझ्या माहितीत व माझ्या परवानगीने होती.

नोंदणी गेटवर केली तेव्हा सगळ्या बायका टोपी व तोंडावर पट्टी लावून होत्या. पट्टी काढा असे सांगणे मला सुचले नाही, कारण कामावर त्या तशाच दिसतात. ठाण्यातील महिला हवालदार साधना मॅडम यांनी खात्रीसाठी टोपी व पट्टी लावून त्याच फोनपुढे उभे राहून पाहिले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, माझ्या कानाला तो मी बोललो तसाच लागला, म्हणून सही करतो. साधना मॅडम यांची 'नवसाबाई, हजर' अशी नोंद झाली असून ती पुसता येत नाही.