मासा दिसल्याशिवाय वाटण नाही

चहा निवतोय तोवर सांगतो. आमच्या हिचा नेमच होता, मासा डोळ्यांनी दिसल्याशिवाय वाटण लावायचं नाही. इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीला लेकाकडे आल्यापासून दर शनिवारी मी धरणावर गळ टाकून बसायचो आणि घरी येऊन गुपचूप पिठलं खायचो.

गेल्या शनिवारी मात्र मरे कॉड नावाचा इथला मोठा मासा गळाला लागला. लेकाने आणि मी मिळून ओढला. मांडीएवढा जाड!

म्हटलं, "आईला फोन लाव, व्हिडिओवाला."

ही बघतच राहिली. "अगं बाई! थांबा, वाटण लावते." फोन बंद.

तोवर लेकाने माप घेतलं. "सॉरी बाबा, सोडावा लागेल."

"अरे, लहान सोडतात."

"इथे फार मोठा पण सोडतात. रूल आहे."

मी मासा पाण्यात अलगद धरला. शेपटी मारून, मला भिजवून गेला.

घरी आलो तर ओट्यावर वाटण तयार. हिने सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि अंडी उकडायला ठेवली.

"मासा मी पाहिला ना? मग झालं."

अंड्याच्या त्या कालवणावर मी दोनदा भात घेतला.

आणि आज? गळ अजून गाडीत ठेवला नव्हता, तोच आत वाटणाचा मिक्सर सुरू!