दाऊददादाचा राग

हसू नका, पण ब्राह्मणपुरीत ज्याच्याशी मी तीन वर्षं बोलत नव्हतो, त्यानंच माझी आई वाचवली. शेजारच्या शेतातला दाऊददादा. बांधावरून भांडताना मी त्याला नको ते बोललो होतो.

एका रविवारी केळीच्या शेतात आईला साप चावला. दादा तेव्हा घरच्यांना घेऊन चर्चला निघाला होता. त्यानं सगळ्यांना जीपमधून उतरवलं, आईला आत निजवलं आणि थेट शहाद्याचा दवाखाना गाठला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “धोका टळला.” मी बाहेर बाकावर दादाशेजारी जाऊन बसलो. मग दादाला विचारलं, “माझा राग नाही येत?”

“राग येस ना! रोज येशूले सांगस, हाऊ राग काढी टाक, तरी जास नही. आज मातर गाडी चालाडता चालाडता राग इसरी गऊ.”