एका मात्रेसाठी अडलेली पालखी

मंडळी, ऐका! आधी माझा एक सवाल. माणूस संपला की त्याचं काय होतं? — नाही नाही, आत्म्याचं विचारत नाही, घाबरू नका! भाषेत काय होतं, ते विचारतोय. मोठा माणूस गेला की कैलासवासी होतो. त्याहून मोठा असला की वैकुंठवासी. पेपरात फोटो आला तर थेट अनंतात विलीन! आणि गटारात उतरलेला गडी गुदमरला तर? — "मेला." झालं, विषय संपला! मी म्हणतो, यमानं दोन रेडे पाळलेत काय? एक झूल घातलेला आणि एक उघडा? हसा, हसा. पण मरण एकच, तर शब्द दोन का, ते सांगा.

सांगता येत नाही ना? भिवराला सांगता आलं होतं. तिचीच कथा आज लावतो.

जुन्या जहागिरीच्या काळातलं नदीकाठचं एक गाव, सोनवळ. भिवरा तिथली, भोयाची बायको. भोई म्हणजे पालखी वाहणारे. आणि पालखीत कोण? सरदार निळकंठराव. अंगानं भरदार — अहो, भरदार काय म्हणता, पालखीत शिरताना आधी एक बाजू आत जायची, मग सगळ्यांनी मिळून दुसरी! तो देह खांद्यावर घ्यायचे भिवराचा नवरा सटवाजी आणि त्याचे भाऊबंद. पुढच्या दांडीला नेहमी सटवाजी.

एका आषाढात नदी फुगली. पलीकडे मेजवानी होती. सटवाजी म्हणाला, "सरकार, पाणी चढतंय. उद्या जाऊ." सरदार म्हणाले, "चला." आता मोठ्या माणसाचं 'चला' म्हणजे काय, मंडळी? चालायचं दुसऱ्यानं! निघाले. मधल्या धारेत पाणी छातीला लागलं. सटवाजीनं दांडी खांद्यावरून काढली, डोक्यावर घेतली आणि सगळा जोर लावून पालखी काठाकडं लोटली. पालखी लागली काठाला. सरकारांचा फेटासुद्धा भिजला नाही! मागून पोहत येणारी त्यांची घोडी चंद्रावती मात्र वाहून गेली. आणि सटवाजी वाहून गेला.

भिवरानं काठाकाठानं धावत हाका मारल्या. संध्याकाळी तो खाली बाभळीला अडकलेला सापडला.

वर्ष सरलं. देवीचा उत्सव आला. त्या दिवशी अख्ख्या गावाला उपास — देवीची पालखी गावाला फेरी घालून परत आली की मगच तोंडात घास. सरदारांच्या घरीही तेच, देवीपुढं कुणाची सवलत नाही. आणि त्या वर्षी नवीन गोष्ट अशी, की सरदारांच्या कविराजांनी त्या पुरावर काव्य रचलं होतं. पालखी उचलण्याआधी देवीपुढं ते वाचायचं, आणि पुढं दर साल तेच म्हणायचं.

भिवरा आठवडाभर बायकांना सांगत होती, "माझ्या घरधन्याचं नाव निघणार बघा देवीपुढं." न्हाऊन धुऊन आली. बसली मागं, जिथं जोडे काढतात तिथं.

कविराज घसा खाकरून उभे राहिले. नदीचं वर्णन झालं, ढगांचं झालं, सरकारांच्या धैर्याचं झालं — बसल्या जागी कसलं धैर्य म्हणा! — आणि मग,

"पैलतीरी पावले श्रीमंत सरकार,
चंद्रावती वैकुंठा गेली, स्वर्गी जयजयकार.
भोई एक मेला."

भिवरा कान टवकारून बसली. पुढं काही येईल, नाव तरी येईल. पुढं आला फेटा! फेट्याच्या जरीचं वर्णन!

घोडी वैकुंठाला गेली. आणि तिचा माणूस मेला. माश्या मरतात तसा.

ती उठली. "महाराज, थांबा."

सगळी सभा मागं वळली. जोड्यांपासून आवाज कुठला येतोय?

"कोण मेला म्हणालात?"

"भोई," कविराज म्हणाले. "एक भोई."

"त्याला नाव व्हतं."

"असेल. काय होतं?"

आता इथं थांबा, मंडळी. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. जन्मात नाही! घ्यायचंच तर उखाण्यात, लाजत, चार बायकांनी अडवल्यावर. भिवरानं लग्नानंतर कधी ते उच्चारलं नव्हतं. तिनं भोयांकडं पाहिलं. तेही माना खाली घालून उभे. मग तिनं पदर खोचला आणि देवीकडं तोंड करून म्हणाली, "सटवाजी. सटवाजी भोई."

बायकांनी तोंडाला हात लावले. भोयांच्या माना मात्र वर आल्या.

कविराज हसले. "बाई, ते नाव वृत्तात बसत नाही."

"सरकारबी पालखीत बसत नव्हते," भिवरा म्हणाली. "माझ्या घरधन्यानं बसवले. तुम्ही एवढे शिकलेले, तुमाला एक भोई बसवता येईना?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सरदारांचा चेहरा लाल झाला. "ए, काय पाहिजे तुला? साडीचोळी देतो, घे आणि गप बस."

"साडी नको, सरकार. शब्द पाहिजे. घोडी वैकुंठाला गेली, तर ह्योबी वैकुंठाला गेला म्हणा. न्हाई तर सगळ्यांना एकच लावा. घोडी मेली. सटवाजी मेला. आनि तुमचे थोरले सरकार वारले, तेबी मेलेच म्हणा!"

सरदार उठले. "उद्या सूर्य उगवायच्या आत गाव सोडायचं हिनं. भोई, पालखी उचला."

भोई जागचे हलले नाहीत. सटवाजीचा भाऊ पुढं आला, दांडीखाली खांद्यावर घ्यायची चुंबळ काढली आणि देवीच्या पायरीवर ठेवली. एकेक करत सगळ्यांनी ठेवली. भाऊ म्हणाला, "वहिनी गाव सोडंल तर आमीबी सोडू. देवीची माफी आमी मागू. तुमी तुमचं बघा."

आणि बसले की सगळे भिवराशेजारी, जोड्यांपाशी!

दुपार झाली. देवी जागेवर. गाव उपाशी. गरिबाला उपासाची सवय असते हो, त्याचं काय! पण सरदारांच्या घरी एरवी कधी घास चुकलेला नव्हता. ऊन कललं, पोटात कावळे ओरडायला लागले, तसे सरदारांच्या वाड्यातून निरोपावर निरोप यायला लागले. भिवराच्या मनातही भीती होती, नाही असं नाही. उद्या कुठं जायचं? पण उठावंसं तिला वाटलं नाही.

शेवटी सरदार खालच्या आवाजात म्हणाले, "कविराज, काय ते करा. आणि हिला राहू दे गावात."

कविराज उभे राहिले. "सटवाजी भोई स्वर्गवासी जाहले."

"नको," भिवरा म्हणाली.

आता सगळेच चक्रावले. अगं बाई, दिला ना स्वर्ग?

"स्वर्गात गेले का कुठं, म्या बघितलं न्हाई. म्या नदी बघितली. सरकारांना काठाला लावून सटवाजी भोई बुडाले, असं म्हणा. बुडाला न्हाई. बुडाले."

ध्यानात आलं का? 'ला'चा काना काढायचा, वर एक मात्रा द्यायची. बुडाला — बुडाले! वृत्ताला धक्का नाही, शाईला तोटा नाही. मग एवढा वेळ अडलं होतं कुठं? अडलं होतं मनात! कविराजांनी ती मात्रा दिली, देवीपुढं मोठ्यानं वाचली. भिवरा तेव्हा रडली. भोयांनी चुंबळी उचलल्या आणि पालखी निघाली.

तर मंडळी, सरदार गेले, जहागिरी गेल्या. आणि तुम्ही? डॉक्टर 'आले', साहेब 'आले'. भांडीवाली 'आली', कचरावाला 'आला'. त्या बाईचं वय तुमच्या आईएवढं, आणि घरातलं शेंबडं पोर तिला म्हणतं, "ए, इकडे ये." तुम्ही ऐकता आणि चहा पिता!

आता मागून महाप्रसादाचा वास येतोय. छान येतोय. पहाटेपासून कुणीतरी चुलीपुढं उभं आहे. कोण आहेत ते? अध्यक्ष, तुम्ही सांगा. "आचारी आहे एक"? एक? नाव काय त्यांचं?... सेक्रेटरी? तुम्ही?... बायकांत कुणाला ठाऊक?

नाही ना. मग उठा, अध्यक्ष, तुम्ही स्वतः उठा. आत जा, नाव विचारा, आणि त्यांना हाताला धरून इथं पुढं आणून बसवा. आरती तोवर होणार नाही. मी उभा आहे.