मोठेबाबांनी परत पाठवलेली पोरगी

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, मायबहिणींनो, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझे भासरे, म्हणजे आमच्या यांचे मोठे भाऊ. एक वेळ सोडली तर इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी कधी थेट बोलली नाही. पदर पुढे, नजर खाली, काही सांगायचं तर पोरांच्या तोंडून. आज ते नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायला उभी राहिली.

आमची वैष्णवी नागपूरला केमिकल इंजिनिअरिंग शिकते. दुसऱ्या वर्षी तिचे दोन पेपर राहिले. बॅग घेऊन पांढुर्ण्याला उतरली आणि म्हणाली, "आई, मी आता जात नाही."

खरं सांगू? मला बरं वाटलं. मी मारुतीपुढे नारळ फोडला. तोही लहानसा. तेजाब म्हणजे ॲसिड, भट्ट्या, हे काय पोरीच्या जातीनं शिकायचं? मी मॅट्रिक, मला असंच वाटायचं.

भासरे तिला रागावले नाहीत. टोपलीभर संत्र्याच्या साली घेऊन आले. "याच्यातून तेल निघते म्हणे. कसं, सांग बरं."

"वाफेनं, मोठेबाबा."

"वाफ तं उडून जाते. मग तेल हाती कसं येते?"

ती सांगायची, ते मान हलवायचे. "नाही समजलं. पुन्हा सांग." एक दिवस, दोन दिवस, चार दिवस.

"तुम्ही मुद्दाम करून राहिले!"

"अवं, मी सातवी पास. माह्या डोक्यात लवकर शिरंल का?"

शेवटी तिनं अंगणात चूल मांडली. डब्याच्या झाकणाला नळी लावली, नळीवर ओलं फडकं गुंडाळलं. थेंब थेंब पाणी पडलं. पाण्यावर तेलाचा तवंग. भासऱ्यांनी बोट बुडवून वास घेतला. "आता समजलं."

मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. बाहेरच थांबले.

"बाई, जिनं मले समजावलं तिले येत नाही, असं कसं? पेपरांले भेली हाय ती. पण तुमी तिले घरी ठेवून राहिल्या, ते तिच्यासाठी का तुमच्यासाठी?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना थेट उत्तर दिलं.

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"मग जाऊ द्या तिले."

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिची बॅग त्यांनी स्वतः स्टेशनावर नेली. राहिलेले दोन्ही पेपर निघाले. आता शेवटचं वर्ष आहे. पोरगी शिकली, याचे उपकार आहेतच. पण माझं मन मला दाखवलं, आणि चारचौघांत नाही, दाराआडून, हे उपकार मोठे.

सकाळपासून सगळे विचारून राहिले, वैष्णवी का नाही आली? आज तिचा पेपर आहे. काल फोनवर रडली, "आई, मी निघते." मीच म्हटलं, येऊ नको.

या घडीला ती पेपर लिहीत असेल. चला, उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. भासऱ्यांना माझा नमस्कार.