चर्चेआधीची पावडर

नाही नाही, बोलू नका सर, हनुवटीशी आलेय मी — बोललात की रेघ पडते, मग पुन्हा पहिल्यापासून. हो-नाही डोळ्यांनी सांगा, मला कळतं, बारा वर्षं झाली मला या मेकअपच्या खोलीत. हां, तर काय सांगत होते — कर्नलसाहेब. निवृत्त. तुमच्याआधी याच खुर्चीत बसून गेले, दोनदा मिशी काळी करून घेतली — त्यांना वाटतं मिशी जितकी काळी तितका शेजारचा देश घाबरतो. आणि त्यांच्यासमोर जे बसणार आहेत ना, विरोधी पक्षाचे प्रवक्ते, ते आत्ता बाहेर सोफ्यावर कर्नलसाहेबांच्याच थर्मासमधला चहा पितायत. प्रवक्त्यांच्या सुनेला मुलगी झालीय, तिचे फोटो बघतायत दोघं मिळून. किती गोड, अगदी आजोबांवर गेलीय, वगैरे. आणि सातला कॅमेऱ्याचा दिवा लागला की हे त्यांना देश विकणारे म्हणणार आणि ते यांना युद्धखोर. पूर्वी मला राग यायचा हो. आता म्हणते, जाऊ दे, निदान चहा तरी एकत्र पितात.

तुम्ही ओळखलं नाहीत मला, पण मी ओळखलं. मागे आला होतात एकदा — मानेवर तीळ आहे तुमच्या, तो झाकू की नको असं मी विचारलं होतं आणि तुम्ही म्हणालात, असू दे, घरचे ओळखणार नाहीत नाहीतर. प्राध्यापक माणूस आणि विनोद करतो, म्हणून लक्षात राहिलात. तुम्ही त्या दिवशी कुठल्याशा कराराच्या कलमावर बोललात — सहावं कलम, आणि मग सहाव्याचं पोटकलम — आणि आमचे अँकरसाहेब मध्ये तोंड घालायला बघतायत, पण तुम्ही आपले शांतपणे चाललायत, पहिलं असं, दुसरं असं. रागावू नका हं, पण माणसं धडाधड दुसऱ्या चॅनलवर गेली. आकडे येतात ना दुसऱ्या दिवशी. म्हणून तर पुन्हा बोलावलं नाही तुम्हाला. आज कसं बोलावलं याचं मलाच आश्चर्य वाटलं — मग चिठ्ठी आली आणि कळलं.

चिठ्ठी म्हणजे — आता निघालंच तोंडातून तर सांगते. पण माझं नाव नका घेऊ. वरून, कंट्रोल रूममधून रोज एक चिठ्ठी येते. कोण कुठं बसणार, कोण पहिलं बोलणार. आणि एखाद्याच्या नावापुढे फुली असते. फुली म्हणजे कपाळ सोडून द्यायचं. बाकी सगळं लावायचं, कपाळाला पावडर नाही. तिथले दिवे म्हणजे भट्टी आहे नुसती — दहाव्या मिनिटाला कपाळ चमकायला लागतं, मग घाम ओघळतो, कॅमेरा बरोब्बर तिथं येऊन थांबतो, आणि घरी बसलेला माणूस म्हणतो, बघ, खोटं बोलतोय, कसा घामाघूम झालाय! माणूस खरं बोलत असतो, बिचाऱ्याला फक्त पावडर नसते. — हो. आज फुली तुमच्या नावापुढे आहे. नका उठू, बसा, बसा हो सर. मी लावणार आहे. हे बघा, लावतेय, चांगला जाड थर देते, वर दुसराही देते. फोन आला वरून तर सांगेन विसरले. बारा वर्षांत एकदा विसरले तर काय फाशी देणार आहेत?

पण सर, एक आहे. मी तुमचं कपाळ झाकतेय तर तुम्ही पण माझं एक काम करा. आधी ऐकून तर घ्या. आज तुम्ही तसंच बोला. मागच्यासारखं. सहावं कलम, पोटकलम, जे काय असेल ते. कंटाळवाणं बोला, सर. इतकं कंटाळवाणं की लोकांनी बंद करून झोपून जावं.

हसू नका, थर फुटतो. मी गमतीनं नाही म्हणत. आजचा विषय माहितीय ना — ते मालवाहू जहाज. शंभरावा दिवस आज, म्हणून पडद्यावर मोठे आकडे केलेत लाल रंगात, आणि खाली "झुकायचं की ठोकायचं?" इंजिन बंद पडून आपलं जहाज वाहत शेजारच्या देशाच्या हद्दीत गेलं, ते म्हणाले घुसखोरी, नेऊन बंदराला बांधलं. एकोणीस जण आहेत वर. त्यातला जो स्वयंपाकी आहे ना — तो माझा भाऊ. धाकटा. नऊ वर्षांनी लहान आहे माझ्याहून, मीच वाढवलाय त्याला, आई कामाला जायची तेव्हा. इथं फारसं कोणाला माहीत नाही. अँकरसाहेबांना माहितीय. म्हणजे त्यांना — हां, त्यांना माहितीय.

परराष्ट्र खात्यातल्या एक बाई आहेत, दर सोमवारी फोन करतात. एकोणीस घरांना करतात, एकटीच. आवाजावरून तरुण वाटते, माझ्या भावजयीच्या वयाची असेल. पहिल्याच दिवशी म्हणाली, काहीही झालं तरी टीव्हीवाल्यांशी बोलू नका, काम चालू आहे, पण गुपचूप चालू आहे. आणि खरंच चालू होतं हो. त्यांची एक बोट आपल्याकडे अडकलीय — आपण ती सोडायची, त्यांनी आपली माणसं सोडायची, आणि दोघांनीही अदलाबदल म्हणून म्हणायचंच नाही. आमची चौकशी पुरी झाली, एवढंच म्हणायचं. इकडच्यांची मान वर, तिकडच्यांची मान वर. बावन्नाव्या दिवशी भावाचा फोन आला, चारच मिनिटं देतात, त्यातली तीन तो रडला आणि मग म्हणाला, ताई, बुधवारी. बुधवारी सोडतायत.

आणि मग कोणीतरी ते फोडलं. मंगळवारी इथंच, याच कार्यक्रमात — "बोटीच्या बदल्यात माणसं, हा सौदा कोणाला विचारून केला?" तीन दिवस तेच. दुसऱ्याच दिवशी संसदेत गोंधळ, काय दिलंत, काय घेतलंत सांगा. मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, असं काही ठरलंच नव्हतं, आम्ही झुकणाऱ्यातले नाही. तिकडचे मंत्री पण अगदी तेच म्हणाले, बहुतेक शब्दसुद्धा तेच. बुधवारी सगळी जहाजाच्या शिडीपाशी सामान बांधून उभी होती. संध्याकाळी पुन्हा वर चढली.

ज्यानं फोडलं त्याला आमच्या घरी काय काय म्हणतात, ऐकवत नाही. भावजय म्हणते त्याची जीभ झडो. स्वयंपाक करताना म्हणते, कपडे वाळत घालताना म्हणते, आणि मी शेजारी उभी राहून चिमटे हातात देते तिच्या. एकोणीस घरांचा फोनवर एक ग्रुप आहे, तिथंही रोज कोणीतरी लिहितं, देव त्याला बघून घेईल. आणि मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकते. — आई मात्र अँकरसाहेबांवर खूश आहे. म्हणते, तुझा साहेब बघ कसा पोटतिडकीनं बोलतो आपल्या बाळासाठी. दिवसभर मोठ्यानं लावून बसते.

पण त्या अँकरचं तरी काय चुकलं, सांगा. त्यानं फक्त विचारलं, ताई, आज गुणगुणतेयस, काय विशेष? बारा वर्षं रोज तोंडावरून हात फिरवते मी त्याच्या, त्याच्या बायकोनं फिरवला नसेल इतका. घरच्यासारखा तो. माझ्या तोंडातून गेलं, बुधवारी सुटतोय हो माझा भाऊ, बोट देतायत त्यांची, गुपचूप चाललंय सगळं. एवढंच. एवढंच बोलले मी. त्यानं माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नव्हतं ते, पाण्यानं काजळ — म्हणजे डोळ्याखालचं पुसट झालं, मी पुन्हा लावून दिलं. आणि तो तसाच आत गेला आणि पहिल्या मिनिटाला —

तर तो मीच. ज्याची जीभ झडायचीय तो. हे कोणालाच माहीत नाही सर. आता तुम्हाला.

नाही, नोकरी कशी सोडू? चार माणसं बसलीत घरी. आणि खरं सांगू, इथं असलं की कळतं तरी काय चाललंय. मधे तो पूल पडला ना, नदीवरचा — सत्तराव्या दिवसाच्या आसपास — चार दिवस इथं फक्त पूल. जहाजाचं नाव नाही. आणि त्या चार दिवसांत भावाला दोनदा फोन करू दिला, गोडं पाणी पोचलं जहाजावर, डॉक्टर जाऊन आला. कोणी बघत नव्हतं म्हणून जमलं. पुलावरची माणसं मेली आणि मला — मला बरं वाटत होतं सर. रोज सकाळी उठून बघायचे, अजून पूलच आहे ना? इतकी वाईट झालेय मी.

म्हणून म्हणते, आज तुम्ही एकटे आहात जे हे थंड करू शकाल. कर्नल ओरडणार, प्रवक्ते ओरडणार, त्यांचं तेच काम. पण अँकरनं तुमच्याकडे वळून विचारलं की तुम्ही सुरू करा, पहिलं असं, दुसरं असं. कारण काल सोमवार, त्या बाईंचा फोन आला होता. पुन्हा जुळत आलंय. याच आठवड्यात. यावेळी तिसरा एक देश मधे आहे, त्यांच्या विमानानं आणणार, म्हणजे कोणी कोणाला सोडलं असं दिसायलाच नको. शुक्रवारपर्यंत फक्त शांतता हवी, असं म्हणाली ती पोर. शुक्रवार म्हणजे तीनच दिवस राहिले. तीन दिवस नाही का गप्प बसता येणार एवढ्या मोठ्या देशाला?

झालं. बघा आरशात. चांगले दिसताय, दहा वर्षांनी लहान. हात जरा वर घ्या, कापड काढते — हे काय? वही होती होय मांडीवर? मला वाटलं हात नुसते — कापडाखाली लिहीत होतात? नाही, बघू दे. बघू दे ना सर. "पुन्हा वाटाघाटी. तिसरा देश. शुक्रवार. कुटुंबीयांकडून खात्रीशीर."

कुटुंबीय म्हणजे मी.

नाव नाही घेणार — हो, कळलं. त्यानं तरी कुठं घेतलं होतं? — हो सर, लोकांना कळायला हवं, बरोबर आहे तुमचं. आपल्या नावानं कोण काय देतंय, काय घेतंय, हे विचारलंच पाहिजे. मी कुठे नाही म्हणतेय? मीही मत देते, रांगेत उभी राहून देते. मी पण लोकांतलीच आहे. फक्त — शनिवारी विचारलंत तर नाही का चालणार? शनिवारी मंत्र्यांना उभं करा, सगळं वदवून घ्या, मी स्वतः टाळ्या वाजवीन. शनिवार फार लांब नाही हो.

सरकारं असंच म्हणत आलीत. हो. शनिवारी म्हणतात आणि शनिवार कधी येत नाही. हेही खरंच असेल. तुम्ही शिकलेले आहात, तुमचं खोटं कसं असेल?

ते पान नका ना नेऊ आत — एवढं एकच पान फाडून द्या —

बरं.

आले, आले! झालंय सरांचं, येतायत! — जा सर. डाव्या हाताला वळा, दाराशी वायर आहे, पाय जपून टाका. आणि पुढचे कोण आहेत त्यांना आत पाठवा.