केतकीचा सोफा आणि माझा सल्ला

कुणी विचारलं नाही तरी मी सल्ला देते, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या शेजारच्या केतकीचे सासू-सासरे नागपूरहून पहिल्यांदाच इकडे लंडनला, वेम्बलीत यायचे होते आणि घरात साधा सोफा नव्हता. ती हप्त्यांवर घेणार होती.

मी म्हटलं, "पहिल्याच दुकानात हो म्हणू नकोस गं. पाच-सहा ठिकाणी अर्ज कर, व्याज कमी असेल तिथे घे."

पोरीने एका दुपारी सहा अर्ज केले. पहिल्या दोघांचं व्याज फार होतं, पुढच्या चौघांनी चक्क नकार दिला. शेवटच्या दुकानातल्या बाईने तिला समजावलं, की प्रत्येक अर्जाची क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या हिशोबावर, नोंद होते. एका दिवसात सहा दिसले की पत दाखवणारा स्कोअर घसरतो, पैशांची फार निकड आहे असं कर्ज देणाऱ्याला वाटतं. आधी नुसती एलिजिबिलिटी, म्हणजे कर्ज मिळण्यासारखं आहे का, ते तपासायचं, त्याने स्कोअरला धक्का लागत नाही.

केतकी रडवेली होऊन आली. "काकू, आई-बाबा शनिवारी येतायत."

एखाद्या मुलाने महिन्यात वीस मुली पाहिल्या असं कळलं, तर मीच म्हणते ना, काहीतरी खोट असणार.

शेवटी आमचाच सोफा तिच्याकडे गेला. हे तेव्हापासून बागेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून टीव्ही बघतात. काल समोरची नवी मुलगी मॉर्गेजचं, म्हणजे घराच्या कर्जाचं, विचारायला आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात टीव्हीवरची नजर न काढता हे म्हणाले, "अगं, जरा जपून सांग. आपल्याकडे घर एकच आहे."